पुराची सूचना देणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेवर गावाने किती विसंबावे?

काजळीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या वरच्या अंगाला नदीकाठी वसलेले आहे. वरच्या पाणलोटात जोराचा पाऊस झाला आणि त्याच वेळी उधाणाची भरती असली, की नदीचे पाणी खाडीत उतरत नाही आणि ते बाजारपेठेत व खालच्या दोन वाड्यांत शिरते. आजवर पुलाच्या खांबावर रंगवलेल्या खुणा पाहून आणि वरच्या गावांतून येणाऱ्या फोनवर भिस्त ठेवून आम्ही सामान हलवत आलो आहोत. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची जी अवस्था झाली, ती पाहिल्यापासून एवढ्यावर भागणार नाही हे सर्वांना पटले आहे.

ग्रामपंचायत आता स्वयंचलित यंत्रणा घेण्याच्या विचारात आहे. पुलावर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसेल, त्याची माहिती मोबाइल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाईल, ठरवलेली पातळी ओलांडली गेल्याचे सर्व्हरवरील प्रोग्रामने ओळखले की वाड्यांतले भोंगे वाजतील आणि नोंदवलेल्या सर्व मोबाइलवर संदेश जाईल. यंत्रणा ९९.९ टक्के विश्वासार्ह असल्याचे पुरवठादार सांगतो. दोन सिम आणि दोन सर्व्हर असल्यामुळे ती बंद पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

मी ग्रामपंचायतीच्या आपत्ती व्यवस्थापन समितीवर आहे, पण संगणक हा माझा विषय नाही. यंत्रणा घेऊ नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. मात्र एकदा भोंगा बसला की पावसाच्या रात्री कंदील घेऊन पुलावर जाणारी माणसे जायची थांबतील, आणि त्यानंतर एखाद्या रात्री भोंगा वाजलाच नाही, तर आजच्यापेक्षाही मोठा घात होईल, ही भीती माझ्या मनातून जात नाही. पुरवठादाराला नेमके कोणते प्रश्न विचारावेत आणि करारात काय लिहून घ्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

तांबडा दिवा यांचे उत्तर

काजळीकाठ, आपण शेवटी जी भीती व्यक्त केली आहे तीच या विषयाची किल्ली आहे. मी रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून माझ्या क्षेत्रापासून सुरुवात करतो.

रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखण्यासाठी रुळांतूनच थोडा वीजप्रवाह सोडलेला असतो आणि त्या प्रवाहावर एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, उचललेला राहतो. गाडी आली की तिच्या चाकांमुळे प्रवाह आखूड मार्गाने वळतो, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. यातली खरी खुबी अशी, की रूळ तुटला, तार सुटली किंवा बॅटरी संपली तरीही रिले पडतोच आणि सिग्नल लालच होतो. म्हणजे 'मार्ग मोकळा आहे' हे सांगण्यासाठी यंत्रणा धडधाकट असावी लागते. 'थांबा' सांगण्यासाठी तिला काहीच करावे लागत नाही. बिघाड होणारच हे गृहीत धरून तो कोणत्या बाजूला कलंडेल, हे आधीच ठरवलेले असते.

आपल्याला देऊ केलेल्या यंत्रणेत नेमके याच्या उलट आहे. पाणी कमी असले तरी भोंगा गप्प, आणि सेन्सर वाहून गेला तरी भोंगा गप्प. गावकऱ्याला या दोन शांततांमधला फरक कळण्याचा मार्गच नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा, की यंत्रणा आंधळी झाली तर ते कोणाला, किती मिनिटांत आणि कोणत्या मार्गाने कळेल. सेन्सरने ठरावीक वेळाने, समजा दर दहा मिनिटांनी, 'मी जागा आहे, पाणी इतके आहे' असे कळवत राहिले पाहिजे आणि असे दोन संदेश लागोपाठ चुकले की ती आपोआप बिघाडाची सूचना ठरली पाहिजे. शिवाय हे चुकणे ओळखणारे यंत्र गावात असावे. ते केवळ कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर गावाचा संपर्क तुटल्यावर कंपनीला बिघाड कळेल आणि गावाला कळणार नाही.

त्याला जोडूनच एक बारकावा आहे. बऱ्याच यंत्रणा संपर्क तुटल्यावर पडद्यावर शेवटचा मिळालेला आकडा तसाच दाखवत राहतात. जर्मनीत १४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीला महापूर आला, तेव्हा अल्टेनार येथील पातळीमापक त्या पुरातच निकामी झाला आणि पाणी त्यानंतरही चढतच राहिले. अशा वेळी पडद्यावरचा जुना आकडा कोऱ्या पडद्यापेक्षा घातक असतो, कारण तो खोटा धीर देतो. आकड्याशेजारी त्याची वेळ दिसलीच पाहिजे आणि आकडा शिळा झाला की तो पुसला गेला पाहिजे, हे करारात शब्दांत लिहून घ्यावे.

आपल्याच किनाऱ्यावर कोकण रेल्वेने काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांवर पूरसूचक यंत्रणा बसवल्या आहेत आणि पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे लावली आहेत. पाणी धोक्याच्या खुणेवर गेले की गाड्या थांबवल्या जातात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण ते कामथे दरम्यानच्या वाशिष्ठीच्या पुलापाशी तसेच झाले. परंतु रेल्वेला एक सोय आहे जी गावाला नाही. शंका आली की गाडी उभी करता येते आणि उभी गाडी सुरक्षित असते. गावाला अशी उभे राहण्याची जागा नाही. प्रत्येक बिघाडाला भोंगा वाजवला, तर महिनाभरात लोक तो ऐकूनही कूस बदलून झोपतील. म्हणून आपल्या बाबतीत बिघाडाची सुरक्षित बाजू म्हणजे माणूस. यंत्रणा आंधळी झाल्याचे कळताच, पाऊस असो वा नसो, पाळीप्रमाणे दोघांनी पुलाकडे जायचे आणि खुणा वाचायच्या. तेव्हा खांबावरच्या खुणा पुसू देऊ नका आणि पुलावर जाणाऱ्यांची पाळी मोडू देऊ नका.

सेन्सर कोणत्या पुलावर बसणार आहे, हेही पाहावे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. जुन्या पुलावर बसवलेले उपकरण पुलाबरोबर जाते, आणि नेमके त्याच क्षणी त्याची सर्वांत जास्त गरज असते.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. धडधाकट यंत्रणा बहुधा दुरुस्तीच्या वेळी बिघडवली जाते. लंडनमधल्या क्लॅपहॅम जंक्शन येथे १२ डिसेंबर १९८८ रोजी रेल्वे अपघातात ३५ माणसे गेली, त्याचे कारण सिग्नलच्या नव्या जोडणीत तशीच राहिलेली एक जुनी तार हे होते, आणि ते काम दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तपासले नव्हते. ओडिशातील २ जून २०२३ च्या बालासोर रेल्वे अपघाताच्या चौकशीतही सिग्नलच्या जोडण्यांमध्ये केलेल्या बदलांतील त्रुटीच पुढे आल्या. दुरुस्ती झाली की 'चालू झाले' एवढ्यावर सही करू नये. सेन्सरपासून भोंग्यापर्यंत सगळा मार्ग पुन्हा तपासावा, आणि तो दुरुस्ती करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने तपासावा.

---

शून्य एक यांचे उत्तर

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी मूळचा देवगडचा असून सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो, त्यामुळे आकड्यांविषयी आणि प्रोग्रामविषयी लिहितो.

९९.९ टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ वर्षातले पावणेनऊ तास यंत्रणा बंद राहिली तरी करार मोडत नाही असा होतो. हे तास वर्षभर सारखे विखुरलेले असते तर चालले असते. प्रत्यक्षात वीज जाणे, टॉवर बंद पडणे, फायबर तुटणे आणि पाणी चढणे या सगळ्यांमागे एकच पाऊस असतो, त्यामुळे ते पावणेनऊ तास जुलैच्या एकाच रात्री एकत्र येण्याची शक्यता दाट असते. पुरवठादाराला वार्षिक सरासरी विचारू नये. 'वीज नाही, मोबाइलची रेंज नाही आणि पाऊस कोसळतो आहे, अशा वेळी तुमची यंत्रणा किती तास चालेल' हे विचारावे. निसर्ग चक्रीवादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली, मंडणगड आणि श्रीवर्धनकडच्या गावांत वीज आणि मोबाइल किती दिवस नव्हते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

'दोन सिम, दोन सर्व्हर' याचेही तसेच आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम एकाच टॉवरवर अवलंबून असतील, तर टॉवरचा डिझेल जनरेटर थांबला की दोन्ही एकदमच जातात. दोन वस्तू असणे आणि दोन स्वतंत्र वस्तू असणे यांत मोठे अंतर आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळिसेक सेकंदांत नष्ट झाले. त्याची दिशा सांभाळणारे संगणक दोन होते, पण दोघांतही एरियान-४ साठी लिहिलेला तोच प्रोग्राम होता. नव्या रॉकेटच्या वेगामुळे आलेली मोठी संख्या त्यांना दिलेल्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही, आणि राखीव संगणक ज्या कारणाने बंद पडला त्याच कारणाने मुख्य संगणकही बंद पडला. वेगवेगळ्या माणसांकडून प्रोग्राम लिहून घेतले तर हे टळेल असे वाटते, परंतु जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच कामासाठी स्वतंत्रपणे लिहिलेले २७ प्रोग्राम तपासले, तेव्हा ते योगायोगाने व्हावे त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा एकाच ठिकाणी एकदम चुकत असल्याचे दिसले. कामाचा जो भाग अवघड असतो तिथे सगळ्यांचीच गाडी अडते.

म्हणून दुसरा मार्ग खरोखर वेगळ्या जातीचा असावा. माझे मत असे, की सेन्सरपासून भोंग्यापर्यंत थेट रेडिओने जाणारा, सर्व्हर आणि मोबाइल नेटवर्क यांना न शिवणारा एक साधा मार्ग असल्याशिवाय ही यंत्रणा स्वीकारू नये. पाणी अमुक पातळीच्या वर गेले तर भोंगा वाजव, इतके ठरवायला शेकडो किलोमीटर दूरच्या सर्व्हरची गरज नाही. सर्व्हरचा उपयोग नोंदी, आलेख आणि मोबाइल संदेश यांसाठी खुशाल करावा. शिवाय भोंग्यापाशी हाताने दाबायचे बटण असावे, आणि ते संगणकातून न जाता सरळ बॅटरीला जोडलेले असावे.

चाचणीविषयीही थोडे सांगायचे आहे. पुरवठादार तासाभराचे प्रात्यक्षिक दाखवील आणि ते व्यवस्थित पार पडेल, पण आपल्याला यंत्रणा जूनपासून सप्टेंबरपर्यंत अखंड चालवायची आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मारले गेले. त्या संगणकात वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजली जात होती. तो दहावा भाग संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून, नेमका लिहिता येत नाही, त्यामुळे प्रत्येक मोजणीत अतिसूक्ष्म चूक राहत होती. सलग सुमारे शंभर तास यंत्रणा चालू राहिल्यावर ती चूक साठत जाऊन सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली, आणि तेवढ्या अवधीत ते क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. दुरुस्त केलेला प्रोग्राम तिथे दुसऱ्या दिवशी पोहोचला. तेव्हा मे महिन्यात बसवून निदान तीन-चार आठवडे यंत्रणा न थांबवता चालवून घ्यावी आणि त्यानंतरच शेवटचा हप्ता द्यावा.

तसेच पावसाळ्यात कंपनीने दूरवरून प्रोग्राम बदलू नये, अशी स्पष्ट अट घालावी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अद्ययावतीमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बदल अगदी अपरिहार्य असेल, तर गावाला आधी कळवून, कोरड्या दिवशी आणि बदलानंतर पूर्ण मार्गाची चाचणी घेऊनच तो करावा.

---

मीटरवाला यांचे उत्तर

मी पातळीमापक आणि तत्सम उपकरणांची देखभाल करतो. संगणकाबद्दल वर भरपूर आले आहे. मी फक्त पुलावरच्या पेटीबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक तिथल्याच असतात.

खाडीच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या जोडण्यांवर एका मोसमात हिरवा थर चढतो. पेटी उघडल्यावर तार जागेवर दिसते, हाताने हलवली की मात्र आकडा उड्या मारू लागतो. पेटीचे रबर, केबल आत जाते तिथली ग्रंथी (पाणी अडवणारी घट्ट जोडणी) आणि जोडण्यांवरचे ग्रीस ही कामे दरवर्षी मे महिन्यात झालीच पाहिजेत. सौर पॅनेलचा हिशेब उन्हाळ्यातल्या उन्हावर मांडलेला असतो. आषाढात दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा सूर्याशिवाय बॅटरी किती दिवस टिकते ते पॅनेल झाकून प्रत्यक्ष मोजून घ्यावे. पाण्यात बुडवलेला दाबावर चालणारा सेन्सर गाळाने चोंदतो, म्हणून वरून रडारने मोजणारा बरा, पण त्याच्याखाली ओंडके अडकणार नाहीत अशी जागा निवडावी. वीज पडून उपकरणे जळतात ती बहुधा मे-जून आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात, तेव्हा अर्थिंग मोजल्याचा दाखला मागावा आणि एक तयार सेन्सर गावातच राखून ठेवावा. तो पुण्याहून मागवेपर्यंत पूर ओसरलेला असतो.

आपल्या गावाची खास अडचण भरती ही आहे. केवळ एकाच पातळीवर भोंगा बांधला, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाऊस नसतानाही तो वाजेल, आणि ते टाळायला पातळी वर नेली, तर ओहोटीच्या वेळी उतरणारा लोंढा उशिरा कळेल. म्हणून दुसरा सेन्सर भरतीचे पाणी पोहोचत नाही इतक्या वरच्या अंगाला बसवणे मला आवश्यक वाटते. पाणी किती आहे याइतकेच ते अर्ध्या तासात किती चढले, हेही प्रोग्रामने पाहिले पाहिजे.

---

दर्यावर्दी यांचे उत्तर

मी मच्छीमार सोसायटीचे काम पाहतो. समुद्रात संकटाचा संदेश पाठवण्यासाठी इस्रोने तयार केलेले यंत्र आमच्या लोकांकडे २०१० पासून आहे. त्यात बटण दाबले की उपग्रहामार्फत संदेश जात असे, परंतु तो कोणाला मिळाला की नाही हे बोटीवरच्या माणसाला कळत नसे. आता दुसऱ्या पिढीच्या यंत्रात पोच परत येते. वादळात हेलकावे खाणाऱ्या तांडेलाला 'संदेश मिळाला' एवढे कळणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावर बसून समजणार नाही. त्यावरून मला सुचते ते असे, की आपल्या यंत्रणेनेही केवळ संदेश पाठवून मोकळे होऊ नये. वाडीतल्या ठरलेल्या माणसाने तो घेतल्याची पोच दिली पाहिजे. पोच आली नाही तर दुसऱ्याला आणि मग तिसऱ्याला फोन गेला पाहिजे.

दुसरे असे, की बंदरावर बावटा लागला की त्याचा अर्थ प्रत्येक खलाशाला ठाऊक असतो, कारण त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत आणि त्या इतर कशासाठी वापरल्या जात नाहीत. आपला भोंगाही पुरासाठीच राखून ठेवावा. ग्रामसभेला, पाणी सोडायला किंवा पंधरा ऑगस्टला तो वाजवू नये.

---

काजळीकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. जिवंत असल्याचा संदेश, शिळा आकडा पुसणे, रेडिओचा थेट मार्ग, हाताचे बटण, मे महिन्यातली सलग चाचणी आणि वरच्या अंगाचा दुसरा सेन्सर हे मुद्दे मी निविदेच्या मसुद्यात घेतले आहेत. खुणा नव्याने रंगवण्याचे आणि पुलावरच्या पाळीची यादी लावण्याचे कामही ठरले आहे.

एका मुद्द्यावर मात्र समितीत दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे, भोंगा यंत्राने स्वतःहून वाजवू नये; सरपंच किंवा पोलीस पाटील यांनी खात्री करूनच तो वाजवावा. इतरांना वाटते, की मध्ये माणूस आला की उशीर होणारच. आपले मत काय?

---

तांबडा दिवा यांचे उत्तर

दोन्ही बाजूंना दाखले आहेत. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई राज्यातील बेटांवर एका कर्मचाऱ्याच्या चुकीने क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश सर्वांच्या मोबाइलवर गेला आणि तो खोटा असल्याचे कळवायला ३८ मिनिटे लागली. त्याच राज्यातल्या लाहाइना गावाला ८ ऑगस्ट २०२३ रोजी वणव्याने वेढले, तेव्हा भोंगे असूनही वाजवले गेले नाहीत. ते त्सुनामीचे भोंगे म्हणून ओळखले जात असल्यामुळे लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच, पळतील असे अधिकाऱ्यांना वाटले. दर्यावर्दी यांनी भोंग्याच्या अर्थाबद्दल जे लिहिले आहे, त्याचे महत्त्व यावरून दिसते.

माझा सल्ला असा, की दोन पातळ्या ठराव्यात. पहिली पातळी ओलांडली की फक्त ठरलेल्या तिघांना फोन जावा. त्यांच्यापैकी कोणीही दहा मिनिटांत पोच देऊन पुलाकडे निघावे, आणि भोंगा वाजवायचा की नाही ते त्याने पाण्याकडे पाहून ठरवावे. कोणाचीच पोच आली नाही, तर भोंगा आपोआप वाजावा. दुसरी पातळी ओलांडली, तर कोणाचीही वाट न पाहता वाजावा. वाजलेला भोंगा थांबवण्याचा अधिकार माणसाला असावा, पण दुसऱ्या पातळीनंतर तो वाजूच नये अशी सोय कोणाच्याही हाती ठेवू नये. या दोन पातळ्या किती मीटरवर धरायच्या ते पुरवठादाराला ठरवू देऊ नका. खालच्या वाडीतल्या पहिल्या घराच्या उंबऱ्याची उंची मोजून घ्या, आजारी माणसाला आणि गुरांना वर न्यायला किती वेळ लागतो हे त्या घरातल्यांनाच विचारा, आणि तिथून मागे हिशेब करत या.